लोकरीचा मासा

मासा पहिल्यांदा सापडला तो बर्फाच्या कप्प्यात. निळ्या लोकरीचा, वीतभर लांब, पिवळी शेपटी आणि डोळ्यांच्या जागी कोटाची दोन बटणं. एरवी तो बैठकीच्या खोलीत दाराशेजारच्या खुंटीला टांगलेला असायचा. पोरांच्या आईने वाटाण्याची पिशवी काढायला कप्पा उघडला, तर आतून मासा तिच्याकडे बघत होता, गोठून लाकडासारखा झालेला. ती आधी किंचाळली, मग हसली, मग तिने दोन्ही पोरांना समोर उभं केलं. ताई म्हणाली, मी नाही. तिच्याहून तीन वर्षांनी लहान असलेला बारक्या म्हणाला, मी नाही. गलका ऐकून वरच्या खोलीतून पोरांचा काका खाली आला. त्याने मासा हातात घेऊन उलटासुलटा केला आणि म्हणाला, "उकडत असेल हो बिचाऱ्याला." सगळे हसले. बारक्या हसला नाही, पण तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

आता लोकरीच्या माशाचं एवढं काय, असं कोणीही म्हणेल. पण या घरात तो शोभेसाठी टांगलेला नव्हता. पोरांच्या बापाने केलेल्या बंदोबस्ताची ती खूण होती, आणि त्या बंदोबस्ताचा त्याला भारी अभिमान होता.

हा बाप एका मोठ्या मॉलच्या तळघरात कॅमेऱ्यांच्या पडद्यांसमोर बसायचा. डोळ्यात तेल घालून बसायचा, अगदी. कामावर त्याला सगळे दुर्बीण म्हणत. पाकीटमार तो पाठमोरा ओळखायचा. पण त्याचं खरं नाव झालं होतं हरवलेल्या पोरांमुळे. नव्या माणसांना तो चहाच्या कपावरून शिकवायचा, "पोराचा चेहरा बघू नका, चाल बघा. आपल्या माणसाबरोबर असलेलं पोर रेंगाळतं, हात ओढतं, आडवं पडतं, आईबापाचा जीव खातं. परक्याबरोबरचं पोर शहाण्यासारखं चालतं. शहाण्यासारखं चालणारं पोर दिसलं की दार बंद करा." आणि एकदा खरंच तसं झालं होतं. एक माणूस एका मुलीला घेऊन थेट बाहेरच्या दारापर्यंत गेला. मी काका आहे हिचा, म्हणाला, आणि दारावरच्या रखवालदाराने मान डोलावली. बापाने पडद्यावर तिची चाल बघितली आणि दार बंद करवलं. तो माणूस तिचा कोणीच निघाला नाही.

त्या दिवशी घरी आल्याआल्या त्याने पोरांना जवळ बसवलं आणि म्हणाला, आजपासून आपल्या घराचा एक शब्द. बायको विणत बसली होती, समोर निळी लोकर होती. बारक्याच म्हणाला, "लोकरीचा मासा." ठरलं.

"हा शब्द जो म्हणेल तो आपला माणूस," बापाने समजावलं. "मग काही विचारत बसायचं नाही. निमूटपणे त्याच्याबरोबर जायचं, तो सांगेल तसं करायचं. आणि या शब्दाबद्दल कोणापाशी अवाक्षर काढायचं नाही. मित्रापाशी नाही, बाईंपाशी नाही."

"आईपाशी?" बारक्याने विचारलं.

"अरे, तिला माहीतच आहे की. शब्दाचं काही बोलायचंच नाही, म्हणजे नाही."

बारक्या विसराळू, म्हणून आईने एक मासा विणून खुंटीला लावला. दर रविवारी सराव चालायचा. बाप बाहेर जाऊन दार वाजवायचा, आतून दोघं ओरडायची, "शब्द?" तो म्हणायचा, "अरे, मी बाबा आहे!" तर ती म्हणायची, "आवाज कोणीही काढू शकतं! शब्द?" हे त्यानेच शिकवलेलं. मग तो म्हणायचा, "लोकरीचा मासा," आणि धाडकन दार उघडायचं. बापाची छाती अशी फुगायची की दारात मावू नये.

शब्द पाच जणांना ठाऊक होता. पाचवा काका, कारण काकाशिवाय या घराचं पान हलत नव्हतं. आईवडील लवकर गेले, तेव्हा बापानेच या भावाला वाढवलेलं. तो बेकरीत पहाटेच्या पाळीला जायचा, दुपारी मोकळा असायचा, म्हणून पोरांना शाळेतून आणणं त्याच्याकडे. ताई शाळेतून परस्पर पोहायच्या वर्गाला जायची. त्या वर्गासाठी बापाने आकाशपाताळ एक केलं होतं: शिकवणारी बाईच हवी, सोबत शेजारच्या काकू हव्यात, कपडे बदलायच्या खोलीला आतून कडी हवी. मुलीची जात, काळजी घ्यायलाच हवी, असं सगळेच म्हणाले. बारक्याच्या बाबतीत असलं काही कोणाच्या डोक्यातही आलं नाही. मुलगाच तो. घरीच तर असतो, काकाजवळ.

शाळेत पालकांची सभा झाली, तेव्हा एक समुपदेशक बाई आल्या होत्या. पोरांना शरीराबद्दल, नको त्या स्पर्शाबद्दल साध्या शब्दांत सांगणार आहोत, म्हणाल्या. बाप उठून उभा राहिला. "एवढ्याशा पोरांच्या डोक्यात नको ते कशाला भरायचं? त्यांना परक्या माणसापासून सांभाळायला शिकवा. बाकी सगळं आपोआप होतं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाई शांतपणे म्हणाल्या, "त्रास देणारा बहुतेक वेळा ओळखीचाच असतो हो. पुष्कळदा घरातला." "असेल ज्यांच्या घरात असेल," तो म्हणाला आणि खाली बसला. घरी येऊन त्याने हे भावालाही सांगितलं. भाऊ चहात बिस्किट बुडवत म्हणाला, "लोकांची डोकी किती घाण असतात ना."

मासा दुसऱ्यांदा नाहीसा झाला आणि चार दिवसांनी कपाटाच्या पायाखाली सापडला. ते कपाट दोन माणसांनी रेटल्याशिवाय हलत नाही, आणि त्याच्या एका पायाखालच्या फटीत मासा कोंबून चपटा केलेला. या वेळी कोणी हसलं नाही. बायकोने तो धुतला, थोपटून सारखा केला, पुन्हा खुंटीला लावला. दोन दिवसांनी ती खोली झाडत होती. सहज मान वर केली आणि तिच्या हातातून केरसुणी पडली. मासा खुंटीलाच होता, पण त्याचं तोंड शिवलेलं होतं. काळ्या दोऱ्याने, एकावर एक, वेडेवाकडे, घट्ट टाके. विणताना तिने त्याला लाल लोकरीचं हसरं तोंड केलं होतं, ते त्या टाक्यांखाली दिसेनासं झालं होतं.

"आपल्या घरात कोणीतरी येतंय," ती त्या संध्याकाळी नवऱ्याला म्हणाली. औषधाच्या दुकानात दिवसभर काउंटरला उभं राहून तिचे पाय भरून यायचे, पण आज ती बसेना. "मी घरात शिरले की मला जाणवतं. कोणीतरी आत्ताच इथून उठून गेलंय असं. उशा बसलेल्या असतात. बाथरूमचा नळ सोडून दिलेला असतो. मला हल्ली त्या माशाकडे पाठ करून उभं राहवत नाही."

भुताखेतांवर विश्वास ठेवणारा तो नव्हता. त्याने हिशेब केला: कोणाकडे तरी किल्ली आहे, त्याला आपला शब्द कळलाय, आणि तो आपल्याला घाबरवतोय. त्याने पुढच्या-मागच्या दारांची कुलपं बदलली. नव्या किल्ल्या केल्या, एक भावाला दिली. खिडक्यांच्या चौकटींवर टाल्कम पावडर भुरभुरली आणि रोज संध्याकाळी बॅटरी घेऊन वाकून बघितली. पावडर जशीच्या तशी असायची. बाहेरून कोणी आलेलं नव्हतं. आणि तरी एका सकाळी मासा पाण्याच्या पिंपात, तळाशी, डोकं खाली करून उभा होता.

याच दिवसांत बारक्या फार गुणी झाला होता. ताटातलं टाकत नव्हता, उलट बोलत नव्हता, बूट जागेवर ठेवायचा. अंथरूण मात्र पुन्हा ओलं करायला लागला होता. बापाने मनावर घेतलं नाही. घरात हे असलं चाललंय, पोर घाबरलं असेल. एकदा बूट घालताना बारक्या म्हणाला, "मला काकाबरोबर नाही यायचं शाळेतून."

"का रे?"

बारक्या बुटाची नाडी बोटाला गुंडाळत राहिला. "असंच."

"असंच काय? काकाला किती वाईट वाटेल! तुमच्यासाठी जीव टाकतो तो. मोठ्यांना असं नाही म्हणायचं नसतं."

बारक्याने नाडी सोडवली. बोटावर लाल वळ उठला होता. "बरं," तो म्हणाला.

शेवटी बापाने आपल्या धंद्यातली विद्या वापरायचं ठरवलं. कामावरून एक छोटा कॅमेरा मागून आणला आणि पुस्तकांच्या फळीवर, घड्याळाच्या मागे असा बसवला की खुंटी, दार आणि वर जाणारा जिना तिन्ही दिसावं. आवाज त्यात येत नव्हता, पण त्याला आवाजाची सवयच नव्हती. त्याचा सगळा जन्म मुक्या पडद्यांसमोर गेलेला. घरात कोणालाच सांगितलं नाही, बायकोलाही नाही. दुसऱ्याच संध्याकाळी खुंटी रिकामी दिसली. त्याला बरं वाटलं. सापडला चोर, तो मनात म्हणाला.

पुढच्या दिवशी कामावर नेहमीची धावपळ होती. दुपारी जरा उसंत मिळाली, तेव्हा त्याने कोपऱ्यातल्या पडद्यावर कालचं चित्रण लावलं आणि डबा उघडला.

पडद्यावर त्याची बैठकीची खोली होती, करडी आणि मुकी. बराच वेळ काही नाही. मग दार उघडलं, काका आणि बारक्या आत आले, काका वर गेला. बारक्याने दप्तर ठेवलं. स्टूल ओढत खुंटीखाली आणलं, वर चढला आणि मासा काढला.

बापाच्या तोंडात घास होता. तो हसला. एवढंच होतं तर! आपलंच कार्टं! आता घरी गेल्यावर याचा कान धरायचा आणि बायकोला सांगायचं की तुझं भूत पहिलीत शिकतं. बारक्या मासा घेऊन खिडकीतल्या कुंडीपाशी गेला आणि दोन्ही हातांनी माती उकरायला लागला. भराभर, मागे वळून जिन्याकडे बघत. मासा त्याने मातीत घातला, वरून दाबला. पुन्हा दाबला. तळहातांनी, मग मुठींनी.

आणि मग तो थांबला. जिन्यात काका उभा होता.

काका रागावला नव्हता. कठड्यावर हात ठेवून, मान जरा कलती करून हसत होता. त्याचे ओठ हलले. आवाज नव्हता, पण बापाला आवाजाची गरज नव्हती. दोनच शब्द. दर रविवारी ते तो स्वतः म्हणत होता.

बारक्याने मातीचे हात चड्डीला पुसले. उठला. दोन्ही हात अंगाला चिकटवून जिन्याकडे निघाला. रेंगाळला नाही, मागे वळला नाही, काकाच्या बाजूने पुढे होऊन एकेक पायरी चढत गेला. शहाण्यासारखा.

वर खोलीचं दार बंद झालं, ते पडद्यात दिसत नव्हतं. जिन्याच्या भिंतीवरचा उजेडाचा पट्टा बारीक झाला आणि गेला.

माणसाचं मन किती लबाड असतं बघा. खेळत असतील, असं त्याच्या मनाने लगेच सांगितलं. अभ्यासाला बोलावलं असेल. सराव करून घेत असेल. आपलं रक्त आहे ते, आपण त्याला भरवलंय, न्हाऊ घातलंय. क्षणभर त्याला वाटलं की पडदा बंद करावा आणि डबा संपवावा. पण डोळे ऐकेनात. ती चाल त्याने ओळखली होती. परक्यांच्या हजार पोरांमध्ये जी चाल ओळखून तो दार बंद करायला लावायचा, ती चाल त्याच्या घरात कित्येक महिने जेवत होती, बूट जागेवर ठेवत होती, आणि तो तिला गुणी म्हणत होता.

शाळा सुटून गेली होती. त्याने बायकोला फोन लावला. तिचं दुकान घराला अगदी जवळ. "धावत घरी जा," एवढंच त्याला धड बोलता आलं. "बारक्याला भावापासून लांब घे. वर जाऊ देऊ नकोस. काही विचारू नकोस, आधी जा." तिने खरंच काही विचारलं नाही. फोन चालूच राहिला, आणि त्यातून त्याला काउंटरची फळी आपटल्याचा आवाज आला.

तो घरी पोचला तेव्हा दार सताड उघडं होतं. भाऊ सोफ्यावर बसला होता, पांढराफटक. बायको जिना अडवून उभी होती आणि फोनवर घराचा पत्ता सांगत होती, हळू, स्पष्ट, औषध कसं घ्यायचं ते सांगावं तसा. कुंडी उलथलेली होती आणि मातीत माखलेला मासा जमिनीवर पडला होता.

"दादा, तिला सांग ना," भाऊ म्हणाला. "खेळ होता रे तो. तुझाच तर खेळ. मी काही जबरदस्ती केली? त्याने कधी नाही म्हटलं का, विचार त्याला."

बापाचा हात उठला. बायकोने फोन कानाचा न काढता दुसऱ्या हाताने तो धरला. "हात लावू नकोस त्याला. पोलीस निघालेत. याच्यासाठी मी इथे आहे. तू बारक्याकडे जा. आमची झटापट बघून तो बाथरूममध्ये शिरलाय आणि उघडत नाहीये."

बाथरूमचं दार निळं, खालून पाण्याने फुगलेलं. आत नळ सोडलेला होता. त्याने बोटाच्या पेराने दार वाजवलं.

"बारक्या. मी आहे. बाबा."

नळ बंद झाला. मग आतून आवाज आला, पाठ केलेला, रविवारचा.

"शब्द?"

शब्द बापाच्या जिभेवर आलासुद्धा, सवयच ती. म्हटला असता तर कडी लगेच निघाली असती. पोर बाहेर आलं असतं, हात अंगाला चिकटवून, आणि सांगेल तिथे चालत गेलं असतं. त्याने स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरला.

"शब्द नाही," तो कसाबसा म्हणाला. "तो शब्द संपला. आता कोणीही तो म्हटला, तरी तुला कुठेही जायचं नाहीये."

"मग तू बाबा कशावरून?"

आवाजावरून, असं तो म्हणणार होता. पण आवाज कोणीही काढू शकतं, हे त्यानेच शिकवलेलं. तो दाराशी ओल्या फरशीवर बसला.

"नाही सांगता येत," तो म्हणाला. "तू नको उघडूस. मी इथे बसतो."

"तू रागावशील. काका म्हणाला, शब्दाचं सांगितलं तर तू रागावशील."

"नाही रागावणार. तू काहीच वाईट केलेलं नाहीस. काकाने वाईट केलं. आणि मी तुला चुकीचं शिकवलं. चुकलं माझं."

दाराखालच्या फटीतून पोराची दोन बोटं दिसत होती, नखांत कालची माती.

"मोठ्यांना नाही म्हणायचं नसतं," बारक्या म्हणाला.

"असतं. काकाला, बाईंना, डॉक्टरांना. कोणालाही."

"तुला?"

"मलाही."

बाहेर गाडी थांबली, बायकोचा आवाज आला, बुटांचे आवाज आले. बापाने मान वळवली नाही.

"बारक्या," त्याने विचारलं, "येतोस बाहेर?"

"नाही."

अगदी बारीक आवाजात म्हटलं होतं, पाण्यात पाय घालून बघावा तसं. मग तो थांबला. काय होतंय याची वाट बघत होता. काहीच झालं नाही. कोणी ओरडलं नाही, कडी हलली नाही.

"बरं," बाप म्हणाला.

"नाही," बारक्या पुन्हा म्हणाला, जरा मोठ्याने.

"बरं."

"नाही!" तो ओरडला, घरभर ऐकू जाईल असा, बैठकीत बसलेल्या माणसालाही ऐकू गेलं असणार. आणि मग तो रडायला लागला, मोकळा, तोंड वासून, हट्टी पोर रडतं तसा. गेल्या कित्येक महिन्यांत तो असा रडला नव्हता.

"बरं, बाळा," बाप म्हणाला आणि दाराला डोकं टेकून तिथेच बसून राहिला.